सुगंधी पानांना खत किती?

पुदिना, तुळस, गवती चहा ही खादाड झाडं. कुंडीत तीन भाग मातीला एक भाग कंपोस्ट मिसळा. रोझमेरी, थाइमला मात्र याच्या निम्मंच पुरे, आणि माती वालुकामय हवी.

कंपोस्ट मुठीत दाबून बघा: थंड, भुसभुशीत, ओल्या मातीचा वास. गरम लागलं, आंबूस वास आला तर थांबा. अर्धकच्चं खत कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं, खालची पानं पिवळी पडतात.

छाटणीनंतर लिटरभर पाण्यात २ ग्रॅम १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत) विरघळवून ओल्या मातीतच घाला. कोरड्या मातीत मुळं भाजतात. युरियाचा मोह खरंच टाळा. पानं मोठी, लुसलुशीत होतात, पण चुरगळली तर वास फिका.