डिफेन्स बजेटवर भांडायच्या आधी ते वाचायचं कसं

दरवर्षी १ फेब्रुवारीला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच सीन असतो. बजेटचं भाषण संपायच्या आत कोणीतरी "संरक्षणासाठी विक्रमी तरतूद" असा फोटो टाकतं, मग आत्तेभाऊ लिहितो की एवढ्या पैशात किती शाळा झाल्या असत्या, मग मामा, जे सुभेदार म्हणून रिटायर झालेत आणि साताऱ्याकडे राहतात, ते भडकतात आणि रात्रीपर्यंत दोघं जण ग्रुप सोडून गेलेले असतात. यातल्या एकानेही बजेटचा कागद उघडलेला नसतो. मीपण कित्येक वर्षं नव्हता उघडला. उघडल्यावर कळलं की अवघड काही नाहीये, ज्याला किराणा दुकानाची खातेवही कळते त्याला हेही कळतं, फक्त कुठल्या पानावर काय बघायचं ते माहीत पाहिजे. तेवढंच सांगतो. उदाहरणाला २०२५-२६ चं बजेट घेतोय कारण ते मी कॅल्क्युलेटर घेऊन बसून बघितलंय, पद्धत कुठल्याही वर्षाला चालेल.

सगळ्यात आधी बातमी बंद करा आणि कागद उघडा. सरकारच्या बजेटच्या वेबसाइटवर खर्चाचा भाग असतो, त्यात प्रत्येक खात्याच्या डिमांड्स फॉर ग्रँट्स म्हणजे अनुदानाच्या मागण्या असतात. संरक्षण खात्याच्या चार असतात, या बजेटमध्ये १९ ते २२ नंबरच्या. एक सिव्हिल, एक महसुली खर्च, एक भांडवली खर्च, एक पेन्शन. चारही जोडल्या की ६,८१,२१० कोटी होतात, आणि बातमीत जो "६.८१ लाख कोटी" दिसतो तो हा. म्हणजे हेडलाइन ही चार वेगळ्या डब्यांची बेरीज आहे आणि भांडण नेहमी बेरजेवर होतं, डब्यांवर कोणी बोलतच नाही.

मी काय केलं, सगळ्याचे शंभर रुपये केले. शंभरातले साधारण २९ रुपये पगार-भत्त्यांना जातात. १७ रुपये दारूगोळा, इंधन, सुटे भाग, रेशन, दुरुस्ती असल्या रोजच्या खर्चाला. पेन्शनला जवळजवळ २४. नवीन विमानं, जहाजं, तोफा, शिवाय जमीन आणि बांधकाम असा जो भांडवली खर्च, त्याला २६. उरलेले ४ सिव्हिलमध्ये, ज्यात कोस्ट गार्ड आणि सीमेवरचे रस्ते बांधणारं बीआरओ येतं. हे एवढं एका कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं तरी टीव्हीवरच्या अर्ध्या पॅनलिस्टपेक्षा तुम्हाला जास्त कळायला लागेल, खरं सांगतो.

आता यातल्या पेन्शनवर जरा थांबा, कारण सगळा तिढा तिथे आहे. मागच्या वर्षीशी तुलना करा. २०२४-२५ च्या बजेटमध्ये पेन्शनला १,४१,२०५ कोटी होते, २०२५-२६ मध्ये १,६०,७९५ कोटी. वाढ १९,५९० कोटी. भांडवली खर्च १,७२,००० कोटींवरून १,८०,००० कोटींवर गेला, वाढ ८,००० कोटी. म्हणजे "सैन्याचं बजेट साडेनऊ टक्के वाढलं" या बातमीत शस्त्रांच्या वाट्याला आलेली वाढ पेन्शनच्या वाढीच्या निम्मीपण नाही. मी हे ग्रुपवर टाकलं तर मामा चिडले, म्हणाले आमची पेन्शन डोळ्यात खुपते का तुम्हाला. नाही खुपत हो मामा. साताऱ्यातलं मिलिटरी अपशिंगे घ्या किंवा आसपासची दुसरी गावं, कित्येक घरांचा गाडा त्याच पैशावर चालतो आणि पस्तिशी-चाळिशीत घरी पाठवलेल्या जवानाला पेन्शन द्यायची नाही तर काय करायचं. पण साधारण ३४ लाख पेन्शनर आहेत, आणि २०१५ मध्ये वन रँक वन पेन्शन (सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर कधीही रिटायर झालेल्याला सारखीच पेन्शन) जाहीर झाल्यापासून ती रक्कम ठराविक वर्षांनी परत ठरवावी लागते, हे गणित सरकार कुठलंही आलं तरी बदलत नाही.

जवानांना चार वर्षांसाठी भरती करायची आणि बहुतेकांना पेन्शनशिवाय घरी पाठवायची अग्निपथ योजना २०२२ मध्ये आली तेव्हा सगळे म्हणाले की पेन्शन वाचवायला आणली. सरकार म्हणतं फौज तरुण ठेवायला आणली. दोन्ही बाजूंना एक साधा प्रश्न विचारायचा, बचत दिसणार कधी? नेहमीचा जवान पंधरा-सतरा वर्षांनी पेन्शनवर जातो, म्हणजे २०२२ मध्ये जो जुन्या पद्धतीने भरती झाला असता त्याची पेन्शन २०३७ नंतर सुरू झाली असती. तोपर्यंत आधी भरती झालेल्यांची पेन्शन चालूच राहणार. त्यामुळे यंदाच्या आकड्यावरून अग्निपथ जिंकली की हरली असं कोणी सांगत असेल तर पुढे स्क्रोल करा.

पुढचा डबा महसुली खर्च, म्हणजे रेव्हेन्यू. याच्याबद्दल एक चुकीची समजूत पक्की बसलीये की रेव्हेन्यू म्हणजे वायफळ, कॅपिटल (भांडवली खर्च) म्हणजे कामाचा. मीपण तसंच समजायचो. पण गोळ्या, तोफगोळे, विमानाचं इंधन, रणगाड्याचे स्पेअर पार्ट हे सगळं रेव्हेन्यूमध्येच येतं. २०२५-२६ मध्ये पगार-भत्ते सोडून उरलेला रेव्हेन्यू १,१४,४१५ कोटी होता. हा कमी पडला तर काय होतं ते कॅगच्या, म्हणजे सरकारचा हिशेब तपासणाऱ्या संस्थेच्या, २०१७ च्या रिपोर्टमध्ये आहे, तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा घनघोर लढाईच्या दहा दिवसांनापण पुरेल एवढा नव्हता. कोट्यवधीची तोफ उभी आणि गोळाच नाही, म्हणजे घोडा घेतला आणि चाऱ्याला पैसे ठेवले नाहीत. त्यामुळे "रेव्हेन्यू कापा आणि कॅपिटल वाढवा" असं कोणी म्हटलं की विचारा, नेमका कुठला रेव्हेन्यू?

कॅपिटल बघताना हप्ता हा शब्द डोक्यात ठेवा. आपण फ्लॅट घेतो तेव्हा पगार वाढला म्हणून लगेच दुसरा घेता येत नाही ना, आधीचा ईएमआय चालू असतो. सैन्याचं अगदी तसंच आहे. करार झाला की थोडी रक्कम आगाऊ आणि बाकी वर्षानुवर्षं, माल जसा येईल तशी. २०१६ चा राफेलचा ५९,००० कोटींच्या आसपासचा करार, २०२१ चा ८३ तेजसचा ४८,००० कोटींचा, २०२५ मध्ये परत ९७ तेजसचा ६२,३७० कोटींचा, हे सगळे हप्ते एकामागे एक त्याच डब्यातून जातात. बजेटच्या भाषेत याला कमिटेड लायबिलिटी म्हणतात. आणि हे किती टोकाला जाऊ शकतं बघा, २०१८ मध्ये लष्कराचे तेव्हाचे उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद संसदेच्या समितीसमोर गेले आणि सरळ सांगून आले की आधुनिकीकरणाला मिळालेत २१,३३८ कोटी, आणि आधीच्या करारांचे हप्तेच आहेत २९,०३३ कोटी. म्हणजे नवीन काही घेणं सोडाच, जुनं फेडायलाच साडेसात हजार कोटी कमी. त्याच साक्षीत त्यांनी सांगितलं की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट झालीये. हा आकडा तेव्हा खूप फिरला पण हप्त्यांचा नाही फिरला, खरं तर खरा सनसनाटी तोच होता.

मग तीन कॉलम. बजेटच्या कागदात प्रत्येक ओळीसमोर मागच्या वर्षीचा अंदाज, सुधारित अंदाज आणि यंदाचा अंदाज असे आकडे असतात, शिवाय त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च. फक्त यंदाचा कॉलम बघाल तर फसाल. २०२४-२५ मध्ये कॅपिटल १,७२,००० कोटी जाहीर झाले, टाळ्या वाजल्या, आणि वर्षभराने सुधारित आकडा आला १,५९,५०० कोटी. साडेबारा हजार कोटी खर्चच झाले नाहीत. इथे गंमत अशी की एकीकडे पैसे कमी पडतात म्हणून ओरड आणि दुसरीकडे पैसे परत. खरेदीची फाइल ट्रायल, वाटाघाटी, मंजुरी असं करत ३१ मार्च ओलांडते आणि रक्कम बुडते. यावर उपाय म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी २.३८ लाख कोटींचा, वर्ष संपलं तरी न बुडणारा निधी सुचवला होता. कागदावरच राहिला. माझ्या मते जीडीपीच्या टक्केवारीपेक्षा या एका गोष्टीवर जास्त भांडायला पाहिजे होतं पण निधी बुडण्यावर भांडायला मजा येत नाही.

टक्केवारीचं आलंच आहे तर ते पण हातानं करून बघा. २०२५-२६ चा जीडीपी बजेटमध्ये साधारण ३५७ लाख कोटी धरलाय. ६.८१ भागिले ३५७, म्हणजे १.९ टक्के. पेन्शन वजा करा, ५.२० भागिले ३५७, दीड टक्क्याच्याही किंचित खाली. तेच बजेट, तोच देश. उलट जगभरातला लष्करी खर्च मोजणारी स्टॉकहोमची सिप्री संस्था भारताचा आकडा मोजताना बीएसएफसारखी निमलष्करी दलंपण धरते, जी आपल्याकडे गृहखात्याच्या बजेटमध्ये असतात, त्यामुळे त्यांची टक्केवारी आणखी वर जाते. म्हणून कोणी टक्केवारी फेकली की पहिला प्रश्न, पेन्शन धरून का सोडून, बीएसएफ धरून का सोडून. बहुतेक वेळा समोरचा गप्प होतो.

"तीन टक्के पाहिजेत" ही मागणी जुनी आहे, संसदेच्या संरक्षण समितीनेपण केलीये. करून बघू. ३५७ चे तीन टक्के १०.७ लाख कोटी, म्हणजे आणखी ३.९ लाख कोटी आणायचे. केंद्राचं शिक्षण (१.२८ लाख कोटी), आरोग्य (जवळपास १ लाख कोटी) आणि मनरेगा (८६,००० कोटी) तिन्ही शून्य केले तरी बेरीज ३.१४ लाख कोटीच भरते. मग कर वाढवा किंवा कर्ज काढा, आणि कर्जावरचं नुसतं व्याज याच २०२५-२६ च्या बजेटमध्ये १२.७६ लाख कोटी होतं, म्हणजे डिफेन्सच्या जवळजवळ दुप्पट. तीन टक्के अशक्य आहेत असं मी म्हणत नाहीये. १९६२ च्या युद्धानंतर, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला म्हणतात तो काळ, तेव्हा दोन टक्क्यांच्या आसपासचा खर्च वर्ष-दोन वर्षांत चारच्या जवळ गेला होता. पण तो युद्धात मार खाल्ल्यावर गेला आणि त्याची किंमत बाकीच्या योजनांनी मोजली. जो तीन टक्के मागतो त्याने कुठून आणायचे तेही त्याच मेसेजमध्ये लिहावं.

आणि टक्केवारीचा चीनसमोर तर काहीच उपयोग नाही. चीनने २०२५ साठी १.७८ लाख कोटी युआन जाहीर केले, अडीचशे अब्ज डॉलरच्या जवळपास. आपले ६.८१ लाख कोटी म्हणजे ऐंशी अब्जाच्या आत. त्यांची टक्केवारी आपल्यापेक्षा फार वेगळी नाही, अर्थव्यवस्था कितीतरी मोठी आहे. यावर काहीजण म्हणतात की आपला जवान, आपला कामगार स्वस्तात पडतो त्यामुळे डॉलरमध्ये तुलना चुकीची. पगारापुरतं बरोबर आहे. पण राफेलचं बिल युरोत येतं, तिथे पुण्यातली स्वस्ताई कामाला येत नाही.

आता आत्तेभावाच्या शाळा. त्याची तुलना असते डिफेन्स ६.८१, शिक्षण १.२८, लाज वाटली पाहिजे. यात घोळ असा की शाळांचा मोठा खर्च राज्यं करतात, झेडपीच्या गुरुजींचा पगार मुंबईतून निघतो, दिल्लीतून नाही. संरक्षण मात्र पूर्ण केंद्राचं. म्हणून तुलना करायची तर केंद्र आणि सगळी राज्यं मिळून शिक्षणाचा आकडा घ्यायचा. त्यानंतरही शिक्षणाला कमी पडतं असं म्हणायला जागा आहे, पण मग मुद्दा पक्का होतो. (हे सांगितल्यावर तो माझ्याशी तीन दिवस बोलला नाही.)

राहिला "सैन्यावरचा खर्च म्हणजे देशात रोजगार" हा मुद्दा. अर्थतज्ज्ञांमध्ये यावर जुना वाद आहे. एमिल बेनॉने १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांचे आकडे मांडून दाखवलं की जास्त संरक्षण खर्च आणि जास्त वाढ बरोबर जाताना दिसतात, मग बाकीच्यांनी दाखवलं की त्यातल्या बऱ्याच देशांना परदेशी मदत भरपूर येत होती, वाढ तिच्यामुळेही असू शकते. आपल्यापुरतं तपासायचं तर पैसा थांबतो कुठे ते बघा. वरणगाव, भंडारा, खडकी, अंबरनाथ इथल्या ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांनी अख्खी गावं पोसली हे खरंच आहे. ओझरला एचएएल या सरकारी विमान कंपनीत तेजसची नवीन लाइन ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाली, चांगलंच झालं, पण त्या विमानाचं इंजिन अमेरिकेच्या जीई कंपनीचं आहे आणि ते वेळेवर आलं नाही म्हणून विमानं लटकली. माझगाव डॉकमध्ये बनलेली आयएनएस वागशीर पाणबुडी जानेवारी २०२५ मध्ये नौदलात आली, बांधली मुंबईत, डिझाइन फ्रान्सचं, करार २००५ चा. म्हणून "आधुनिकीकरणाचे ७५ टक्के देशी कंपन्यांना राखीव" असं वाचलं की त्या देशी कंपनीने स्वतः काय बनवलं आणि काय बाहेरून आणून जोडलं ते विचारायचं.

पुढच्या १ फेब्रुवारीला एवढं करा, फोटो फॉरवर्ड करायच्या आधी भांडवली खर्चाच्या मागणीत मागच्या वर्षीच्या सुधारित अंदाजाचा कॉलम बघा, मग पेन्शनची वाढ आणि कॅपिटलची वाढ शेजारी शेजारी लिहा. दहा मिनिटं लागतात. मामांना मी मागच्या वेळी ही दोन्ही पानं प्रिंट काढून दिली होती, चष्मा लावून अर्धा तास बघत बसले, आणि मग पेन्शनच्या ओळीवर बोट ठेवून एवढंच विचारलं, "यात महागाई भत्ता धरलाय का?"