शेंगतेलाचा साबण, आणि हळदीनं केलेली फसगत

साबणाचा माझा पहिला घाणा मी हळदीपायी फेकून दिला. सांगलीत हळद हाताशी असतेच. वडी नीट झाली का बघावं म्हणून चिमूटभर चोळली, तर लालभडक. वाटलं, कॉस्टिक (तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा) जास्त पडलं. खरं तर साबण मुळातच अल्कधर्मी, चांगल्या वडीवरही हळद लालच होणार. सासूबाईंच्या पातळावरचा हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, हे रोज बघत होते, तरी डोक्यात आलं नाही!

कॉस्टिकचा हिशोब वजनकाट्यावरच करायचा, वाटीनं नाही. एक ग्रॅम शेंगतेलाला ०.१३६ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, खोबरेल तेलाला ०.१८३. मी ७०० ग्रॅम घाण्याचं शेंगतेल आणि ३०० ग्रॅम खोबरेल घेते. दोन्हींना लागणाऱ्या कॉस्टिकची बेरीज १५० ग्रॅम. त्यातलं पाच टक्के कमी करून १४२ घालायचं, म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडी ओढत नाही. नुसत्या शेंगतेलाची वडी मऊ पडते, फेसही बेताचाच.

हातमोजे, चष्मा, खिडक्या उघड्या, पोरं बाहेर. ३०० ग्रॅम पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडा. कॉस्टिकवर पाणी कधीच ओतू नका, उसळून अंगावर येतं. भांडं स्टीलचं. ॲल्युमिनियमचं पातेलं कॉस्टिक खातं आणि हायड्रोजन सुटतो. पाणी चहासारखं तापतं. ते आणि तेल दोन्ही कोमट झाले की पाणी तेलात ओता आणि ढवळत राहा.

आत काय चालतं? तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्लं चिकटलेली असतात. कॉस्टिक ती सोडवतं. सोडियमशी जुळून त्यांचा साबण होतो आणि ग्लिसरीन सुटं पडतं. कारखान्यात ते बरंचसं वेगळं काढतात, आपल्या वडीत ते राहतं.

मिश्रण पिठल्याइतकं दाट झालं, चमच्यातून पडलेली धार वर उमटून राहिली, की साच्यात ओता. दुसऱ्या दिवशी, हातमोजे घालूनच, वड्या कापा आणि चार आठवडे वाऱ्यावर ठेवा.

बोअरच्या पाण्यात फेस न येता पांढरी साय धरली, तर साबणाला नावं ठेवू नका. पाण्यातलं कॅल्शियम त्याला धरून बसतं. माझ्या शेजारणीनं एवढ्यावरून वडी परत केली होती.