एकट्या बापानं मोफत धान्य आणि मुलांचं जेवण कसं मिळवावं : महाराष्ट्रातल्या घरांसाठी

हातावर पोट, मुलं लहान आणि स्वयंपाकापासून कागदपत्रांपर्यंत सगळा भार एकट्या बापावर. अशा घरात बहुतेक जण आधी रेशन कार्डाच्या मागे लागतात आणि महिनोन् महिने कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. क्रम उलटा ठेवा. कार्डाला वेळ लागतो, पण मुलांच्या जेवणाला कार्ड लागतच नाही.

१. आधी अंगणवाडी गाठा

सहा महिने ते सहा वर्षं वयाच्या मुलाला अंगणवाडीतून मोफत आहार मिळतो. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, 2013 नं तो मुलाचा हक्क ठरवलाय. उत्पन्नाची अट नाही, कार्ड पिवळं की केशरी हेही पाहत नाहीत. तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायचा आहार मिळतो, त्यालाच टीएचआर म्हणतात. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीतच गरम शिजवलेलं जेवण देतात.

मुलाचा जन्मदाखला आणि आधार असेल तर ते घेऊन सेविकाताईंना भेटा. तिथं बायकांचीच ये-जा असते म्हणून पुष्कळ पुरुष आत पाऊल टाकायला कचरतात. त्यात नुकसान पोराचं. नोंद आईच्या नावानं असेल आणि आई आता घरात नसेल, तर तसं सरळ सांगा आणि पालक म्हणून तुमचं नाव, मोबाइल नंबर लावून घ्या. कामासाठी गाव सोडून आला असाल तर सध्या राहता तिथल्या अंगणवाडीत मुलाचं नाव घालता येतं.

२. शाळेतलं जेवण

सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना दुपारचं जेवण मिळतं. कागदावर योजनेचं नाव पीएम पोषण, पोरांच्या तोंडी खिचडी. वेगळा अर्ज लागत नाही. विनाअनुदानित खाजगी शाळेत हे मिळत नाही, तेव्हा शाळा निवडायची वेळ असेल तर एवढं हिशोबात धरा.

३. आता रेशन

कार्ड हातात असलं म्हणजे धान्य मिळतंच असं नाही. पांढऱ्या कार्डावर अन्न सुरक्षा कायद्यातलं धान्य मिळत नाही. गोंधळ असतो तो केशरीचा. केशरी कार्ड असूनही धान्य फक्त ‘प्राधान्य कुटुंब’ यादीत नाव असलेल्यांनाच मिळतं. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न शहरात 59,000 रुपयांपर्यंत आणि ग्रामीण भागात 44,000 रुपयांपर्यंत असावं लागतं. (ही मर्यादा आजच्या मजुरीच्या मानानं फारच तोकडी आहे, पण नियम तोच.) प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो, तर अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब गटातल्या कुटुंबाला घरटी 35 किलो धान्य मिळतं. 1 जानेवारी 2023 पासून ते पूर्ण मोफत आहे आणि 1 जानेवारी 2024 पासून पाच वर्षांसाठी तसंच चालू ठेवलंय.

एकट्या बापाची गाडी अडते ती कुटुंबप्रमुखाच्या नावावर. कायद्यानं 18 वर्षांवरची घरातली थोरली स्त्री प्रमुख असते. पण तशी कोणी घरात नसेल आणि मुलगी लहान असेल, तर ती 18 वर्षांची होईपर्यंत थोरला पुरुषच प्रमुख राहतो, हेही त्याच कायद्याच्या कलम 13 मध्ये आहे. ‘बाईच्या नावानं अर्ज आणा’ असं कोणी म्हणालं तर हे कलम दाखवा.

पत्नी वारली असेल तर मृत्यूदाखला जोडून प्रमुखाचं नाव बदलून घ्या. विभक्त असाल आणि मुलांची नावं तिच्या माहेरच्या कार्डात गेली असतील, तर आधी तिथून नाव कमी केल्याचा दाखला आणावा लागेल. एकाच आधार नंबरवर दोन कार्डांत नाव चालत नाही.

अर्ज तालुक्याच्या ठिकाणी तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत द्यायचा, मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. सगळ्यांचे आधार, उत्पन्नाचा दाखला, राहण्याचा पुरावा सोबत ठेवा. खिडकीवर ‘इष्टांक शिल्लक नाही’ असं ऐकायला मिळेल. म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या भरली आहे. तोंडी उत्तर ऐकून परत फिरू नका. अर्ज द्याच आणि शिक्का-तारखेसह पोच घ्या. यादीतून नावं कमी होत असतात, जागा निघते, आणि तेव्हा अर्ज आत असलेल्याचाच विचार होतो. कुटुंबप्रमुखच अपंग किंवा दुर्धर आजारी असेल आणि कमाईचं खात्रीचं साधन नसेल, तर अंत्योदयसाठी मागणी करा.

नाव लागलं की प्रत्येक सदस्याचं ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, करून घ्या. लहान मुलांचं हमखास राहून जातं. ‘एक देश, एक रेशन कार्ड’मुळे धान्य कुठल्याही गावच्या रेशन दुकानातून अंगठा देऊन उचलता येतं, कार्ड गावाकडचं असलं तरी.

४. कार्ड होईपर्यंतच्या मधल्या दिवसांत

गुरुद्वाऱ्यातल्या लंगरमध्ये जात-धर्म, कागद काही विचारत नाहीत. नांदेडच्या हजूर साहिबचा तर सर्वांना ठाऊक आहे. शिवभोजन केंद्रावर 10 रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात मिळतो. जवळचं केंद्र चालू आहे का ते मात्र आधी विचारून घ्या.

५. धान्य कमी दिलं तर

रेशन दुकानातल्या ई-पॉस (अंगठा घेण्याच्या) मशीनची पावती दर वेळी मागून घ्या. पावतीवर जेवढे किलो, तेवढंच पिशवीत हवं. मोफत धान्याचे पैसे मागितले किंवा माप कमी भरलं, तर त्या पावतीचा फोटो काढून ठेवा आणि 1967 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाद लागली नाही तर तोच क्रमांक टाकून तहसीलदारांकडे आणि जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करा.