ज्येष्ठांचं युरिन इन्फेक्शन : नुसत्या रिपोर्टवर ठरवू नका, या चुका टाळा

एका सकाळी बाबा मला ओळखेनात. वय 78. आदल्या दिवशीपर्यंत स्वतःची दाढी स्वतः करणारा माणूस चादरीची कड चाचपत काहीतरी पुटपुटत होता. लघवी तपासली, पस सेल्स (पू-पेशी) निघाले, युरिन इन्फेक्शन ठरलं आणि अँटिबायोटिक सुरू झालं. तीन दिवस गेले, फरक शून्य. चौथ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी आधी ओटीपोटावर हात ठेवला. ते टणक लागत होतं. कॅथेटर (लघवीची नळी) घातल्यावर जवळजवळ लिटरभर लघवी निघाली. प्रोस्टेट वाढलेलं होतंच, त्यात आठवडाभर घेतलेल्या सर्दीच्या गोळीनं लघवी तुंबली होती. थेंब थेंब होत होती, म्हणून आम्हाला वाटत राहिलं की लघवी होतेय.

रिपोर्ट हातात आला आणि आमचा शोध तिथेच थांबला. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

जंतू दिसले म्हणजे आजार झाला, असं समजणं

उतारवयात अनेकांच्या मूत्राशयात जंतू काहीही त्रास न देता राहतात. वृद्धाश्रमांत राहणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण 25 ते 50 टक्के आणि पुरुषांपैकी 15 ते 40 टक्के जणांच्या लघवीत ते सापडतात. कायमचा कॅथेटर असेल तर जवळजवळ सगळ्यांच्याच. अशा वेळी पस सेल्सही वाढलेले असतात, त्यामुळे त्यांच्यावरूनही काही ठरत नाही. त्रास नसताना दिलेल्या अँटिबायोटिकनं जुलाब होतात आणि उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होतात. रुग्णाचा फायदा काही नाही. मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरली असेल, तर मात्र त्रास नसतानाही उपचार करावे लागू शकतात.

मग संसर्ग ओळखायचा कशावरून? लघवी करताना नव्यानं सुरू झालेली जळजळ, अचानक वाढलेली घाई, ओटीपोटात दुखणं, लघवीतून रक्त, कुशीत दुखणं, थंडी वाजून ताप. 'नव्यानं' हा शब्द महत्त्वाचा. दहा वर्षांपासून रात्री तीनदा उठावं लागतंय, हे संसर्गाचं लक्षण नव्हे. लघवीला वास येणं किंवा ती गढूळ दिसणं हेही पुरेसं नाही. पाणी कमी पडलं तरी वास येतो.

गोंधळलेपणाचं खापर लगेच लघवीवर फोडणं

अचानक भ्रम झाला, झोप उलटी झाली, माणूस गळून गेला, की पहिला संशय लघवीवर. कधी तो खराही असतो. पण लघवीचा त्रास नाही, ताप नाही, तर आधी बाकीचं बघा: शौचाला किती दिवस झालं नाही, लघवी तुंबली आहे का, पाणी किती पोटात गेलंय, साखर आणि सोडियम किती आहे, छातीत संसर्ग आहे का, अलीकडे पडून डोक्याला मार लागलाय का. आणि गेल्या पंधरा दिवसांत कोणती नवी गोळी सुरू झाली? झोपेच्या, सर्दीच्या, ॲलर्जीच्या सगळ्या गोळ्या डॉक्टरांसमोर ठेवा. आम्ही सर्दीची गोळी सांगितलीच नव्हती, ती आम्हाला 'औषध' वाटली नव्हती.

मात्र थंडीनं दात वाजणं, धाप लागणं, रक्तदाब उतरणं, लघवी अगदी कमी होणं किंवा गुंगी येणं यातलं काही दिसलं तर घरी थांबू नका. वय झालेल्या शरीरात गंभीर संसर्ग असूनही ताप फारसा चढत नाही.

नमुना चुकीचा देणं

कल्चरचा (कोणता जंतू आहे आणि कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या तपासणीचा) नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचा. जागा धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली लघवी निर्जंतुक डबीत. ती दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर राहिली तर जंतू वाढतात आणि रिपोर्ट फसवा येतो. कॅथेटरच्या पिशवीतली लघवी कधीच देऊ नका. कॅथेटर दोन आठवड्यांपेक्षा जुना असेल तर तो बदलून नव्यातून नमुना घेतात.

मागच्या वेळची उरलेली गोळी देणं

तरुणाला चालणारं औषध ज्येष्ठांना चालेलच असं नाही. नायट्रोफ्युरँटॉइन मूत्राशयाच्या संसर्गावर चांगलं, पण मूत्रपिंड फार कमजोर असेल तर टाळतात, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला असेल तर ते पुरत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटातल्या औषधांनी साठीनंतर स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो, सोबत स्टिरॉइड चालू असेल तर आणखी; भ्रमही होऊ शकतो. को-ट्रायमॉक्साझोल आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या एकत्र आल्या की पोटॅशियम चढतं. सोबत वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड किती काम करतंय ते दाखवणारा) ताजा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.

दोन दिवसांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना कळवा आणि कल्चरनुसार औषध बदलायचं का, ते विचारा. त्रास पूर्ण थांबला असेल तर 'जंतू गेले का' हे बघायला पुन्हा कल्चर करू नका; ते पुन्हा दिसतील आणि पुन्हा कोर्स सुरू होईल. संसर्ग वारंवार होत असेल तर पुरुषांमध्ये सोनोग्राफीत लघवी झाल्यावर किती शिल्लक राहते ते तपासून घ्या. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचा चांगला उपयोग होतो. संकोचापायी हा विषय निघतच नाही, तो आपण काढायचा.