सोर्स ओढण्याआधी

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमचा सोर्स (मूळ कोड) आपल्या मशीनवर ठेवणारे बहुतेक जण गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनाची, नवे बदल ओढून घेणारी गिट पुल ही आज्ञा देतात आणि काम झालं असं समजतात. ती आज्ञा तयारीच्या शेवटी द्यायची असते. आधी हे ठरवा की ही प्रत नुसती वाचायला हवी आहे की तिच्यातून सिस्टीम बांधायची आहे. वाचण्यासाठी कुठलीही ब्रँच, म्हणजे सोर्सची शाखा, चालेल. बांधायची असेल तर मात्र ब्रँचच्या निवडीला पुरेसा वेळ द्या.

मेन म्हणजे विकासाची ब्रँच. तिथे आज सकाळी चालणारी गोष्ट संध्याकाळी मोडू शकते. स्टेबलच्या नावावर जाऊ नका. ती सुद्धा विकासाचीच ब्रँच आहे, फक्त जुने बायनरी (आधीच बांधलेले प्रोग्राम) चालत राहतील एवढी काळजी तिथे घेतली जाते. रेलेंग, म्हणजे रिलीजच्या ब्रँचमध्ये मात्र सुरक्षेच्या आणि गंभीर चुकांच्या दुरुस्त्या सोडून काहीही येत नाही. ज्या मशीनवर कोणाचं काम अवलंबून आहे तिथे रेलेंगच ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

पण रेलेंगमध्ये एक धोका आहे आणि तो मी स्वतः अनुभवला आहे. पॉइंट रिलीजला, म्हणजे मुख्य आवृत्तीतल्या छोट्या रिलीजला, सहसा आधार मिळतो तो पुढचं रिलीज आल्यानंतर तीन महिन्यांपर्यंत. त्यानंतर ती ब्रँच सर्व्हरवर तशीच राहते, पण तिच्यात कोणी काही टाकत नाही. मी कितीतरी महिने नेमाने पुल करत होतो, गिट दर वेळी सांगत होतं की सगळं अद्ययावत आहे, आणि ते खरंही होतं. ब्रँचचा आधार संपलाय एवढंच ते सांगत नव्हतं. तेव्हापासून दर अपडेटआधी मी दोन गोष्टी पाहतो: आपल्या ब्रँचचा आधार कधी संपतो आणि तिच्यातला शेवटचा कमिट (नोंदवलेला बदल) किती तारखेचा आहे. तारीख जुनी असेल आणि मधल्या काळात सुरक्षेच्या सूचना निघाल्या असतील, तर ब्रँच बदलायची वेळ कधीच होऊन गेलेली असते.

मग मशीनवर आत्ता काय चालू आहे ते बघा. फ्रीबीएसडी-व्हर्जन ही आज्ञा के, आर आणि यू हे तिन्ही पर्याय देऊन चालवली की डिस्कवरचं कर्नल (सिस्टीमचा गाभा), चालू असलेलं कर्नल आणि युजरलँड (कर्नलबाहेरचे सिस्टीमचे प्रोग्राम) यांच्या आवृत्त्या ओळीने मिळतात. पहिल्या दोन वेगळ्या दिसल्या तर मागच्या वेळचं रीबूट राहून गेलंय. आधी ते उरका.

सोर्सची डिरेक्टरी कशी भरली होती, हेही आठवून बघा. प्रकल्पाने डिसेंबर २०२० मध्ये सोर्स सबव्हर्जन या जुन्या साधनातून गिटवर नेला. एखाद्या जुन्या मशीनवर अजून सबव्हर्जनची प्रत पडली असेल तर तिच्यावर गिट बसवायचा खटाटोप करू नका. डिरेक्टरी रिकामी करा आणि गिटने नव्याने क्लोन (प्रत) घ्या. फ्रीबीएसडी-अपडेट हे तयार अपडेट आणणारं साधनही सोर्सच्या फाइली बदलतं. त्याच्या कॉन्फिगरेशनमधल्या कंपोनंट्सच्या ओळीतून एसआरसी हा शब्द काढून टाका. नाहीतर तुम्ही हातही न लावलेल्या फाइली बदललेल्या दिसतील आणि कारण शोधण्यात संध्याकाळ जाईल.

डिरेक्टरी रिकामी करण्याआधी मात्र थांबा, कारण हाताने केलेलं काम हमखास तिथेच हरवतं. स्वतःच्या कर्नलची कॉन्फिगरेशन फाइल बरेच जण सोर्सच्या आतच ठेवतात. गिटला ती माहीत नसते, म्हणून पुलमध्ये तिला धक्का लागत नाही. पण डिरेक्टरी पुसली की तीही गेली. ती रूटच्या होम डिरेक्टरीत ठेवा आणि सोर्समध्ये तिची फक्त सिमलिंक (तिच्याकडे बोट दाखवणारा दुवा) द्या. लिहिताना जेनेरिक या मूळ कॉन्फिगरेशनची अख्खी नक्कल करू नका. जेनेरिक इन्क्लूड करून खाली आपल्या चार ओळी लिहा, म्हणजे जेनेरिकमध्ये उद्या झालेले बदल आपोआप मिळतील.

सोर्समध्ये स्वतःचे पॅच (केलेले बदल) असतील तर गिट स्टेटस बघा आणि ते वेगळ्या ब्रँचवर कमिट करा. मूळ ब्रँच कोरी ठेवा. तिच्यावर पुल करताना फक्त फास्ट-फॉरवर्डची, म्हणजे मर्ज (दोन वाटा एकत्र) न करता सरळ पुढे सरकण्याची, सक्ती करणारा पर्याय नेहमी लावा. चुकून तिथे आपला कमिट राहिला असेल तर गिट नको असलेला मर्ज करून न टाकता थांबेल आणि तसं सांगेल. मग आपली ब्रँच नव्या टोकावर रीबेस करा, म्हणजे तिचे बदल तिथे पुन्हा लावा.

क्लोन ज्या युजरने केला त्यानेच पुढेही पुल करायचं, हा नियम पाळा. एप्रिल २०२२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या रिपॉझिटरीत (गिटच्या डिरेक्टरीत) काम करायला नकार देतं. तसा नकार आला तर सगळ्याच डिरेक्टऱ्यांना एकदम सूट देऊन मोकळं होऊ नका, मालकी नीट करा. डिस्कला जागा कमी असेल तर एकाच कमिटच्या खोलीचा क्लोन वाचायला पुरतो. पण एखादा बिघाड कुठल्या कमिटपासून सुरू झाला ते बायसेक्ट करून (इतिहास निम्मा-निम्मा तपासत) शोधायचं असेल तर पूर्ण इतिहास हवाच.

इतकं झालं की फेच करा, म्हणजे बदल नुसते आणून ठेवा, लगेच मर्ज करू नका. आधी फेचने आणलेल्या ब्रँचमधली अपडेटिंग ही फाइल उघडा. तिच्यात सर्वांत नवी नोंद वर असते आणि प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीला आठ आकडी तारीख असते. आपण मागच्या वेळी जिथवर आलो होतो त्या तारखेपासून वर वाचत या. आधी अमुक करा नाहीतर मशीन सुरू होणार नाही, अशा गोष्टी याच फाइलमध्ये लिहिलेल्या असतात. ज्यांनी तो बदल केला त्यांनीच ती नोंद तुमच्यासाठी लिहिली आहे, ती वाचायला दहा मिनिटं द्या.

बांधायचं असेल तर मशीनचं घड्याळ बरोबर आहे ना ते पाहा, कारण मेक हे बांधणीचं साधन फाइलींच्या वेळांवरूनच काय पुन्हा बांधायचं ते ठरवतं. ऑब्जेक्ट फाइलींसाठी २५ जीबी तरी मोकळी ठेवा. झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर बीईसीटीएल या आज्ञेने नवं बूट एन्व्हायर्नमेंट (परत जाता येईल अशी सिस्टीमची प्रत) करून ठेवा, नसेल तर बॅकअप घ्या, आणि तो उघडतो का ते आजच तपासा.

आता पुल करा. मग मेकने आधी बिल्डवर्ल्ड (युजरलँड बांधणं), नंतर बिल्डकर्नल, इन्स्टॉलकर्नल आणि रीबूट. नवं कर्नल नीट उठलं की ईटीसीअपडेट या कॉन्फिगरेशन फाइली जुळवणाऱ्या साधनाचा पूर्वतयारीचा फेरा, इन्स्टॉलवर्ल्ड आणि पुन्हा ईटीसीअपडेट. परत रीबूट झालं की जुन्या फाइली काढणारं डिलीट-ओल्ड चालवा. जुन्या लायब्ररी मात्र त्यांच्यावर अवलंबून असलेले पोर्ट्स (वेगळे बसवलेले प्रोग्राम) पुन्हा बांधून झाल्याशिवाय काढू नका. शेवटी युनेम ही चालू सिस्टीमची माहिती देणारी आज्ञा व्ही पर्यायासह चालवा, त्यात दिसणारा कमिटचा हॅश (ओळखक्रमांक) सोर्सच्या टोकाशी जुळतो का ते पाहा, आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी अपडेटिंग फाइल याच तारखेपासून वाचायची आहे.