जिभीला स्वस्तात जायचंय? मग या चुका टाळा

हिमालयातल्या एखाद्या गावी थोडक्या पैशांत चार दिवस राहून यायचं, तर कुल्लू जिल्ह्यातलं जिभी हे मी सगळ्यात आधी सुचवते. बंजार तालुक्यातलं हे गाव जलोडी पासच्या, म्हणजे खिंडीच्या खाली, देवदारांच्या जंगलात आहे. गावातून ओढा वाहतो, लाकडी घरं आहेत, घरगुती होमस्टे भरपूर आहेत आणि मनालीच्या मानाने राहणं-खाणं बरंच स्वस्त पडतं. तरीही महाराष्ट्रातून जाणाऱ्या कित्येकांचं बजेट कोलमडतं. हिशेब मांडून बघितला की कळतं, पैसे गावात फारसे गेलेलेच नसतात. ते रस्त्यात गेलेले असतात. म्हणून आधी रस्त्याबद्दलच बोलू.

रजेचे दिवस म्हणजे गावातले दिवस नव्हेत

पाच दिवस रजा मिळाली, रेल्वेने जाऊ, पैसे वाचवू, असा विचार बहुतेक जण करतात. मुंबईहून पश्चिम एक्सप्रेसने अंबाल्याला किंवा दुसऱ्या एखाद्या गाडीने चंडीगडला पोहोचेपर्यंत एक अख्खा दिवस आणि रात्र जाते. पुढे रात्रभर बस. म्हणजे जाण्यात दोन रात्री, येण्यात दोन रात्री, आणि पाच दिवसांतला गावात मिळतो जेमतेम एक. एवढ्या दगदगीनंतर तिथे माणूस झोपूनच राहतो.

रेल्वेने जायचं असेल तर दोन्ही बाजूंचे शनिवार-रविवार जोडून आठ-नऊ दिवस काढा. तेवढे जमत नसतील तर निदान एका बाजूने दिल्ली किंवा चंडीगडचं विमान घ्या. तिकीट आधी काढलं तर ते एसी डब्याच्या भाड्यापेक्षा फार महाग पडतंच असं नाही, आणि रजेचा एक दिवस वाचतो. रेल्वेचं आरक्षण आता 120 नाही, 60 दिवस आधी उघडतं. 1 नोव्हेंबर 2024 पासून हा नियम आहे. जुन्या सवयीने चार महिने आधी साइट उघडून बसणारे अजूनही भेटतात.

परतीच्या दिवशीची एक चूक फार महागात जाते. रात्रीची बस दिल्लीला सकाळी पोहोचते असं धरून सकाळी दहाचं विमान काढायचं, ही ती चूक. घाटात एक ट्रक आडवा झाला की तीन तास गेलेच. विमान संध्याकाळचंच घ्या.

ओटला उतरायचं राहून जातं

दिल्लीच्या काश्मिरी गेटहून किंवा चंडीगडच्या सेक्टर 43 मधल्या बस अड्ड्यावरून कुल्लू-मनालीची बस घ्यायची आणि वाटेतल्या ओट या गावी उतरायचं. तिथून बंजार, बंजारहून जिभी. कागदावर सोपं वाटतं, पण रात्रीची बस ओटला पोहोचते तेव्हा बहुधा अंधार असतो किंवा नुकतं फटफटत असतं आणि सगळी बस गाढ झोपेत असते. ओटचा बोगदा जवळपास तीन किलोमीटरचा आहे. बंजारकडे जाणारा रस्ता मंडी शहराच्या बाजूने येताना बोगद्यात शिरायच्या आधीच फुटतो. बस बोगद्यात शिरल्यावर जाग आली तर फाटा मागे राहिलेला असतो.

म्हणून तिकीट काढतानाच विचारा, ‘ओट टनेल पे उतारोगे ना?’ काही खासगी गाड्या मधे थांबायला कुरकुर करतात, ते आधीच कळलेलं बरं. बसमध्ये चढल्यावर वाहकाला पुन्हा सांगा आणि मंडी मागे पडली की मोबाइलचा गजर लावा. मंडीपासून ओटपर्यंतच्या भागात फोनच्या नकाशावर विसंबू नका, दरीत रेंज जाते-येते. इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा निघण्याआधीच उतरवून ठेवा.

चुकलंच तर घाबरू नका. भुंतर किंवा कुल्लूपर्यंत बसून जा, तिथून बंजारची लोकल बस मिळते आणि ती याच बोगद्यातून मागे येते. तास-दोन तास जातील, पैसे मात्र फारसे जात नाहीत. पैसे जातात ते अंधारात रस्त्यावर उभं राहून घाबरल्यावर. टॅक्सीवाला म्हणतो, ‘बस नहीं आएगी जी,’ आणि आपण मान डोलावतो. उजाडेपर्यंत एखाद्या चहाच्या टपरीवर थांबा. हिमाचल परिवहनच्या आणि खासगी लोकल बस दिवसभर ये-जा करतात. संध्याकाळनंतर मात्र त्यांच्या भरवशावर राहू नका. बंजारला दुपारीच पोहोचलेलं चांगलं. तिथेच एटीएममधून रोख काढून घ्या. पुढे यूपीआय चालतं, पण वीज आणि रेंज दोन्ही गेली की दुकानदाराचाही नाइलाज होतो.

एका ट्रिपमध्ये जिभी, कसोल आणि मनाली

ही चूक मला सगळ्यात जास्त खटकते. गाव बदललं की अर्धा दिवस प्रवासात, एक टॅक्सी, एक नवी खोली आणि दोन वेळचं हॉटेलातलं जेवण. एकाच होमस्टेत तीन रात्री राहिलात तर भाडंही कमी करून मिळतं आणि दुसऱ्या दिवसापासून घरची माणसं आपणहून वाटा सांगू लागतात.

बघायला आजूबाजूलाच इतकं आहे! चैहणी गावातली चैहणी कोठी हा दगड आणि लाकडाचे थर एकाआड एक रचून चुन्या-मातीशिवाय बांधलेला उंच मनोरा आहे. या बांधणीला तिकडे काठकुणी म्हणतात. 1905 च्या कांगडा भूकंपात त्याचे वरचे मजले पडले, तरी उरलेला मनोरा आजही मान वर करून बघावा लागतो. खाली बागी गावात शृंगा ऋषींचं मंदिर आहे. कुल्लूतल्या देवस्थानांचे नियम कडक असतात. कुठे चामड्याचा पट्टा चालत नाही, कुठे बाहेरच्याने ओट्याला हात लावायचा नसतो. आधी विचारा, मग पुढे व्हा.

जलोडी पास साधारण 3,120 मीटरवर, जिभीपासून बारा किलोमीटर आहे. टॅक्सीने वर जायचं, फोटो काढायचे आणि परत, यात पैसे वाया जातात. सकाळी लवकर वर जा आणि तिथून सेरोलसर तळ्यापर्यंत चाला. एका बाजूला साधारण पाच किलोमीटर जंगलातली वाट आहे, तळ्याकाठी बूढी नागिणीचं मंदिर आहे. रस्ता उघडा असताना पासवरून पलीकडे आनीकडे जाणाऱ्या बस असतात, आदल्या दिवशी वेळ विचारून ठेवली तर टॅक्सी लागतच नाही. स्वतःची किंवा भाड्याची गाडी घेऊन जाणार असाल तर हा चढ फार तीव्र आणि अरुंद आहे, हे लक्षात असू द्या. हिवाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, बर्फामुळे पास बंद असतो. तेव्हा तीर्थन खोऱ्यात गुशैणीकडे वळा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क, ज्याला 2014 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा स्थळ म्हटलं, त्याकडे तिथूनच वाट जाते. पार्कच्या आत जायला परवाना लागतो, अलीकडच्या गावांत फिरायला लागत नाही.

कधी जाऊ नये

मे-जूनमध्ये शाळांच्या सुट्ट्या, म्हणून सगळे तेव्हाच निघतात आणि भाडी चढलेली असतात. शुक्रवार ते रविवार दिल्ली-पंजाबकडची गर्दी येते. रविवारी पोहोचून शुक्रवारी सकाळी निघालात तर तीच खोली कमी पैशांत मिळते. दिवाळीची सुट्टी त्यासाठी उत्तम. आकाश स्वच्छ असतं, फक्त रात्री कडाक्याची थंडी असते. दसऱ्यापासून आठवडाभर कुल्लूचा दसरा चालतो, त्या दिवसांत त्या रस्त्यावर गर्दी धरून चाला.

जुलै-ऑगस्टमध्ये खोल्या अगदी स्वस्त मिळतात. कितीही स्वस्त मिळाल्या तरी जाऊ नका. 2023 आणि 2025 च्या पावसाळ्यात या भागातले रस्ते, पूल, घरं वाहून गेली. अडकलात तर वाचलेले पैसे तिप्पट होऊन जातात, आणि जिवाची भीती वेगळीच.

नदीबद्दलही हात जोडून सांगते. ओटच्या अलीकडे थलौट इथे 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेलं पाणी अचानक आलं आणि हैदराबादच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे 24 विद्यार्थी बियासमध्ये वाहून गेले. ते फोटो काढायला पात्रातल्या दगडांवर उतरले होते. पाणी कमी दिसतंय म्हणून पात्रात उतरू नका, पोरांनाही उतरू देऊ नका.

खोली ठरवताना न विचारलेले प्रश्न

फोनवर भाडं ठरतं, बाकीचं तिथे गेल्यावर कळतं. हीटरचे वेगळे पैसे आहेत का? गरम पाणी गीझरचं की बादलीने? तंदूरचं लाकूड धरलंय का? (तिकडे खोली ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी शेगडीलाही तंदूर म्हणतात.) गाडी रस्त्यावर सोडल्यावर किती चढायचं? काही होमस्टे वीस-वीस मिनिटांच्या चढावर आहेत, आई-वडील बरोबर असतील तर हे आधी कळायलाच हवं.

जेवणाचं सकाळीच सांगा. सिड्डू हा तिथला खास पदार्थ. गव्हाचं पीठ आंबवून, आत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर तूप सोडून देतात. पीठ फुगायला वेळ लागतो, त्यामुळे रात्री आठला मागितला तर मिळणार नाही. घरचा राजमा-भात, भाजी, पोळी हे कॅफेतल्या पास्त्यापेक्षा कितीतरी स्वस्त, आणि पोट बिघडत नाही ते वेगळंच.

परतीची बस ओटहून पकडणार असाल तर तिकीट काढताना चढण्याचं ठिकाण ओटच टाका आणि निघायच्या दिवशी दुपारी वाहकाला फोन करून गाडीचा नंबर घ्या. संध्याकाळी बोगद्यापाशी एकामागून एक व्होल्वो येतात, सगळ्या सारख्याच दिसतात, आणि तुमची गाडी थांबायची ती जेमतेम मिनिटभर.