जुना केस चाकू पारखताना

अमेरिकेतील केस कंपनीचा जुना घडीचा चाकू हाती आला, की पाते उघडून त्याच्या बुडाशी असलेला ठसा भिंगाने वाचावा. १९७० साली कंपनीने ठशात दहा ठिपके घातले आणि पुढे दरवर्षी एकेक ठिपका कमी केला, म्हणून त्या दशकातील ठशात सात ठिपके दिसल्यास ते पाते १९७३ चे समजावे. चाकूच्या ६२५४ या नमुना-क्रमांकातील २ हा आकडा पात्यांची संख्या सांगतो.

माझ्या मते मात्र खरी परीक्षा पात्याच्या रुंदीची असते, कारण वारंवार धार लावलेले पाते झिजून अरुंद होते आणि ती झीज कोणत्याही पॉलिशने भरून निघत नाही. उलट, अति पॉलिशने ठसा पुसट झाला असेल, तर असा चाकू संग्रहासाठी घेऊच नये. उघडे पाते डावी-उजवीकडे हलणे, स्प्रिंगचा खटका सैल असणे आणि मुठीच्या खिळ्यांभोवती तडे जाणे, हे दोष दिसल्यास किंमत बिनदिक्कत पाडून मागावी.